तीन मिलिमीटरची ग्लोबल सेलिब्रिटी

चला, एक क्विझ घ्या. डेस्कवर बसल्या बसल्या, गूगल न उघडता.

जन्म नागपूरचा, निदान कागदोपत्री तरी. गोतावळा आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, दक्षिण अमेरिकेत आणि आग्नेय आशियात. नाव नागपूरच्या एका फेमस कॉलेजशी मॅच होणारं. आडनाव एकदा बदललेलं. साइझ साधारण तीन मिलिमीटर. ओळखा पाहू कोण?

हरलात ना? नो प्रॉब्लेम, मीही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ‘कोण?’ असंच म्हणाले होते. या बाईसाहेबांचं नाव सायक्लेस्थेरिया हिस्लोपी. होय, हिस्लॉप कॉलेजमधला हिस्लॉप तोच! दोन गोल, पारदर्शक शिंपल्यांच्या मधे बसलेला, कोळंबीच्या लांबच्या नात्यातला हा प्राणी. गोड्या पाण्याच्या तळ्यात, पाणवनस्पतींच्या आडोशाला राहतो. इंग्रजीत या गटाला क्लॅम श्रिम्प म्हणतात, आपण शिंपल्यातली कोळंबी म्हणूया. आणि बाईसाहेब का म्हणते? कारण यांच्यात बहुतेक सगळ्या माद्याच. नर क्वचित सापडतो. माद्या नराशिवायच पिल्लं देतात आणि संसार मस्त चालू राहतो. (मैत्रिणींनो, नो कॉमेंट्स!)

आता तुम्ही म्हणाल, उस्मानपुऱ्यात राहून, रोज सकाळी वाळूजची कंपनी बस पकडणाऱ्या मुलीला हे उद्योग कशाला? बरोबर आहे. छत्रपती संभाजीनगरला समुद्र नाही, खाडी नाही. कोळंबी, चिंबोरी म्हटलं की आपल्याला मालवण आठवतं, गोव्याचा लाँग वीकएण्ड आठवतो आणि हॉटेलचं बिल आठवतं. पण या कवचधारी मंडळींचे बारीक-बारीक नातेवाईक समुद्र सोडून कधीच वर आलेत. खाडीत आहेत, नदीत आहेत, विहिरीत आहेत, सह्याद्रीच्या पठारावर पावसात साचणाऱ्या खळग्यांत आहेत. आणि त्यातल्या एकीच्या नावाची सगळी भानगड येऊन अडकलीय ती आपल्या नागपुरात. म्हणून म्हटलं, या आठवड्यात हिचीच स्टोरी.

वीकएण्डचा छंद

स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडचा मिशनरी. १८४५ मध्ये नागपूरला आला तेव्हा वय होतं सत्तावीस. म्हणजे आपल्यातल्या अनेकांचं आत्ता आहे तेवढंच. तेव्हा नागपुरावर भोसल्यांचं राज्य होतं. पुढच्याच वर्षी त्याने शाळा काढली. १८८३ मध्ये कॉलेज सुरू झालं, त्याला त्याचं नाव दिलं गेलं. हा झाला त्याचा डे जॉब.

पण खरा भन्नाट होता तो त्याचा फावल्या वेळातला छंद. गावोगाव फिरताना हा माणूस दगड फोडायचा, जीवाश्म शोधायचा, किडे आणि शिंपले गोळा करायचा. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर त्याने नागपूर परिसराच्या भूगर्भावर मोठा लेख लिहिला, तो लंडनला १८५५ मध्ये छापून आला. हिस्लोपाइट नावाचा एक हिरवा खनिज दगडही त्याच्याच नावाचा. म्हणजे कॉलेज, दगड आणि पाण्यातला किडा, तिन्हीकडे एकच माणूस! आपण मात्र ‘सध्या वेळच मिळत नाही यार’ म्हणत पाच पाच वर्षं गिटारला हात लावत नाही.

तर या हिस्लॉपने नागपूरच्या पाण्यातले काही बारीक प्राणी गोळा करून लंडनला पाठवले. ते पोचले ब्रिटिश म्युझियमच्या विल्यम बेअर्डकडे. बेअर्ड या विषयातला दादा माणूस. ब्रिटनमधल्या अशा प्राण्यांवर त्याचं जाडजूड पुस्तक १८५० मध्येच आलेलं. त्याने नागपूरचं पार्सल उघडलं, सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं आणि १८५९ मध्ये चार पानांत नव्या प्रजातींची वर्णनं छापून टाकली. त्यातलीच एक आपली हिरॉइन. पाठवणाऱ्याचा मान म्हणून तिचं नाव ठेवलं हिस्लोपी.

गंमत बघा. चंद्रपूरकडच्या मांगली गावाजवळ मिळालेल्या अतिप्राचीन दगडांतही असेच शिंपले होते, ट्रायासिक काळातले. त्यांचं वर्णन रूपर्ट जोन्सने १८६२ मध्ये केलं आणि नाव दिलं गावावरून, मांगलिएन्सिस. म्हणजे एकाच गटातला जिवंत प्राणी आणि त्याचा दगड झालेला पूर्वज, दोघांचीही बारशी विदर्भाच्या मालावर आणि तीही तीन वर्षांच्या अंतराने!

हिस्लॉपचा शेवट मात्र चटका लावणारा. सप्टेंबर १८६३. टाकळघाटजवळची प्राचीन शिलावर्तुळं बघून तो रात्री घोड्यावरून परतत होता. वाटेतला ओढा पुराने भरलेला. तो त्यात बुडाला. वय पंचेचाळीस. आयुष्यभर ज्या पाण्याकाठी वाकून बघत राहिला, त्याच पाण्याने त्याला नेलं.

आडनाव आधी, नाव नंतर

प्राण्यांची शास्त्रीय नावं ऐकली की आपल्याला बारावीचं बायोलॉजी आठवून घाम फुटतो. पण फंडा एकदम सोपा आहे. शाळेतला हजेरीपट आठवा. ‘कुलकर्णी मेघा, शेख सलमा, जाधव राहुल.’ आडनाव आधी, नाव नंतर. इथेही तसंच. पहिला शब्द आडनाव, म्हणजे प्राणी कोणत्या घराण्यातला. दुसरा शब्द त्याचं स्वतःचं नाव.

बेअर्डने आपल्या हिरॉइनला घातलं एस्थेरिया घराण्यात. म्हणून पूर्ण नाव एस्थेरिया हिस्लोपी. पुढे लोच्या झाला! एस्थेरिया हे नाव १८३० मध्येच कुणीतरी एका माशीच्या घराण्याला देऊन ठेवलेलं. नियम असा की प्राण्यांच्या दोन घराण्यांना एकच नाव चालत नाही आणि आधी येणाऱ्याचा मान पहिला. अगदी तुमच्या ई-मेल आयडीसारखं. हवा तो आयडी आधीच कुणी घेतलेला असला की पुढे आकडे जोडत बसायचं. माशी आधी आली होती, तिचं नाव राहिलं. शिंपल्यातल्या कोळंब्यांना एस्थेरिया हे आडनाव सोडावं लागलं.

तोवर नॉर्वेमधल्या एका माणसाने भलतंच काही करून दाखवलं होतं. गेऑर्ग ओसियान सार्स त्याचं नाव. त्याच्याकडे ऑस्ट्रेलियातल्या तळ्याचा चिखल होता, पूर्ण वाळलेला. त्याने तो पाण्यात टाकला आणि वाट बघत बसला. चिखलातनं प्राणी बाहेर आले! त्यांतली एक होती आपली नागपूरकर. सार्सने तिला नीट वाढवलं, पिढ्या बघितल्या आणि १८८७ मध्ये जाहीर केलं की बाकीच्या शिंपल्यातल्या कोळंब्यांपेक्षा ही बाई सॉलिड वेगळी आहे. तिला स्वतःचं घराणं पाहिजे. शिंपला गोल, म्हणून घराण्याचं नाव सायक्लेस्थेरिया.

आडनाव बदललं, पण हिस्लोपी हे नाव तसंच राहिलं. आपल्याकडे लग्नानंतर बऱ्याच मुलींचं होतं तसं! शास्त्रज्ञांच्या लिखाणात अजूनही तिच्या नावापुढे कंसात बेअर्ड आणि १८५९ असं छापतात. तो कंस उगाच नसतो. नाव ठेवणाऱ्याने दिलेलं आडनाव नंतर बदललंय, अशी ती खूण असते. एवढ्याशा कंसात अख्खी हिस्ट्री!

पण ती वेगळी म्हणजे नेमकी कशी? तिच्या नात्यातल्या बाकीच्या अंडी घालतात, त्यांतून पोहणारी अळी निघते आणि अळीचा हळूहळू मोठा प्राणी होतो. ही बाई अंडी स्वतःच्या शिंपल्यातच सांभाळते आणि पिल्लं तयार झाली की मगच बाहेर सोडते. छोटी, पण आईसारखीच दिसणारी. दिवस वाईट आले, तळं आटायला लागलं, की मात्र कवचात गुंडाळलेली टिकाऊ अंडी मागे ठेवते. ही सगळी लक्षणं दिसतात ती पाणपिसवांत, म्हणजे फिशटँकवाल्याकडे माशांचं खाणं म्हणून मिळणाऱ्या डाफ्नियात. म्हणून आज शास्त्रज्ञ म्हणतात की ही पाणपिसवांची सगळ्यात जवळची बहीण. शिंपल्यातल्या कोळंब्यांपासून पाणपिसवांपर्यंत उत्क्रांती कशी झाली, हे समजून घ्यायला नागपूरच्या या बाईकडेच यावं लागतं.

बरणीतला प्रयोग

सार्सची आयडिया वाचल्यावर मला राहवेना. वाळलेला चिखल, साधं पाणी आणि पेशन्स. यातलं तिसरं सोडून बाकी सगळं माझ्याकडे होतं! ऑफिसमधल्या एका मैत्रिणीच्या माहेरी, पैठण रोडला, शेताजवळ एक जुनं तळं आहे. मे महिन्यात ते ठणठणीत कोरडं पडतं. तिथला भेगाळलेला चिखल तिने डब्यातून आणून दिला. लोणच्याची रिकामी बरणी, तिच्यात दोन चमचे चिखल आणि दोन दिवस उघड्यावर ठेवलेलं पाणी. डासांनी अंडी घालू नयेत म्हणून तोंडाला जुन्या ओढणीचा तुकडा बांधला आणि बरणी ठेवली खिडकीत.

तिसऱ्या दिवशी घरमालकीण काकू भाडं घ्यायला आल्या.

“काय करायलीस गं बाई बरणीत? वास मारायलाय नुसता.”

“प्रयोग आहे काकू. चिखलातून प्राणी निघणारेत.”

“चिखलातून?” काकूंनी बरणीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. “लग्नाचं बघा म्हणावं हिच्या घरच्यांनी.”

आठवड्याभराने मात्र त्याच काकूंनी मला गच्चीतून हाक मारून विचारलं, “निघाले का गं तुझे?” निघाले होते! रात्री टॉर्च मारला तर पाण्यात तिळाच्या दाण्याएवढे ठिपके फिरत होते. काही सरळ रेषेत सुर्रकन जाणारे, काही उड्या मारत वर-खाली करणारे. काकू चष्मा पुसून बरणीसमोर पंधरा मिनिटं उभ्या होत्या. “दोन महिने झाले की तळं वाळून. एवढे दिवस जिवंत कसे राहिले असतील गं?”

उत्तर अंड्यांत आहे. अशा टिकाऊ अंड्यांतला जीव जवळजवळ बंद पडलेला असतो. पीसी स्टँडबायवर टाकतो ना, तसा. ऊन सोसायचं, धूळ होऊन उडायचं, वर्षानुवर्षं पडून राहायचं आणि पाणी आलं की ऑन! एकाच वेळी सगळी अंडी फुटतही नाहीत. काही पुढच्या पावसासाठी राखून ठेवलेली असतात. पहिला पाऊस दगा देऊन गेला तरी खानदान बुडू नये म्हणून. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ही स्ट्रॅटेजी समजावून सांगायची गरज नाही. दुबार पेरणीचं बियाणं घरात ठेवणं म्हणजे दुसरं काय?

काकूंचा पुढचा प्रश्न जास्त अवघड होता. “यांचं नाव काय गं?”

तिळासारखे दिसणारे ते शिंपले-किडे, इंग्रजीत ऑस्ट्रॅकॉड. उड्या मारणाऱ्या पाणपिसवा. इथवर मी आले. पण नेमकी प्रजाती कोणती? ते भिंगाने कळत नाही. त्याला सूक्ष्मदर्शक लागतो, सुईच्या टोकाने पाय वेगळे करायला लागतात, पायांवरचे केस मोजावे लागतात. आणि दीडशे-दोनशे वर्षांत जगभर छापलेली वर्णनं शोधून ताडून बघावी लागतात. ते करणारी माणसं निराळीच असतात.

बारसं कसं करतात?

समजा, तुम्हाला खरंच नवा प्राणी सापडला. पुढे काय? फोटो काढला, मित्रांना पाठवला, नाव ठेवलं, झालं? नाही हो!

पहिलं काम, हा खरंच नवा आहे का हे बघायचं. म्हणजे त्याच्या सगळ्या नातेवाइकांची जुनी वर्णनं वाचायची. कुठलं जर्मनमध्ये, कुठलं फ्रेंचमध्ये, कुठलं १८६० मधलं. दुसरं काम, त्याचं वर्णन चित्रांसकट लिहून जर्नलमध्ये छापायचं, तज्ज्ञांनी तपासल्यानंतर. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं. ज्या एका प्राण्यावरून वर्णन केलं तो नमुना म्युझियममध्ये किंवा तशाच संस्थेत जमा करायचा. आपल्याकडे हे काम भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था करते. १९१६ ची संस्था, मुख्यालय कोलकात्यात, पश्चिम विभागाचं केंद्र पुण्याला आकुर्डीत. तो एक नमुना म्हणजे त्या नावाचा मूळ दस्तऐवज. जमिनीच्या सात-बाऱ्यासारखा. पुढे वाद झाला की सगळे तिथेच येणार.

महाराष्ट्रात अशी बारशी झालीच नाहीत असं समजू नका. मुंबईत बी. एफ. छापगर नावाचे समुद्रजीवांचे मोठे अभ्यासक होते, तारापोरवाला मत्स्यालयाचे क्युरेटर राहिलेले. त्यांनी तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या खेकड्यांवर केलेलं काम १९५७ मध्ये छापून आलं. त्यात वाटाण्याएवढ्या खेकड्याची एक नवी प्रजाती होती, पिनोथेरेस विकाजी. हे वाटाणा-खेकडे दुसऱ्याच्या शिंपल्यात भाडेकरू म्हणून राहतात. तिसऱ्या साफ करताना एखाद्या शिंपल्यातून चिमुकला मऊ खेकडा निघाला, तर तो याच खानदानातला.

अलीकडचं उदाहरण सह्याद्रीचं. पुण्याचे समीर पाध्ये आणि अमेरिकेचे क्रिस्टोफर रॉजर्स यांनी २०१४ मध्ये पश्चिम घाटातून परी-कोळंबीची नवी प्रजाती जाहीर केली. नाव, स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस. या घराण्यात ओळख पटते ती नराच्या डोक्यावरच्या, मादीला धरायच्या अवयवावरून. त्याची वळणं, काटे आणि फाटे प्रत्येक प्रजातीत वेगळे. ज्या पठारांवर आपण पावसाळ्यात फुलांचे फोटो काढायला जातो ना, तशाच जागी साचलेल्या पाण्यात परी-कोळंब्या उलट्या पोहत असतात. कॅमेरा फुलांवर, पाय खळग्यात!

एक नाव, अनेक मालकिणी

आता परत आपल्या हिरॉइनकडे येऊया. १८५९ नंतर शास्त्रज्ञांना ती जगभर सापडत गेली. आफ्रिकेत सापडली, ‘हीच ती’. दक्षिण अमेरिकेत सापडली, ‘हीच ती’. शिंपला गोल, पिल्लं पोटाशी, सगळं मॅच. म्हणून दीडशे वर्षं सगळ्या उष्ण प्रदेशात एकच प्रजाती, असं पुस्तकांत छापलं गेलं.

२०१३ मध्ये हा फुगा फुटला. जर्मनी, डेन्मार्क, ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ आणि आपले पुण्याचे समीर पाध्ये यांच्या टीमने वेगवेगळ्या खंडांतल्या नमुन्यांचा डीएनए ताडून बघितला. निष्कर्ष? ही एक प्रजाती नाहीच! दिसायला डिट्टो सारख्या, पण आतून पूर्ण वेगळ्या अशा अनेक प्रजाती एकाच नावाखाली दडल्यात. आणि त्यांच्या वाटा वेगळ्या होण्याची सुरुवात जाते थेट क्रिटेशियस काळापर्यंत, डायनोसॉरच्या जमान्यात.

जरा इमॅजिन करा. आपल्या मराठवाड्याचा काळा पाषाण, ज्यात वेरूळचं कैलास लेणं कोरलं, तो लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. या बायकांचं खानदान फुटायला लागलं ते त्याच्याही आधी किंवा फार तर त्याच सुमाराला. सुपरखंड तुटले, भारत आफ्रिकेपासून सुटून उत्तरेकडे निघाला, हिमालय उभा राहिला आणि या तीन मिलिमीटरच्या बायका आपापल्या तळ्यात शांतपणे पिल्लं सांभाळत राहिल्या. रूपही बदललं नाही फारसं. आपण इथे दोन वर्षांत मोबाइल जुना झाला म्हणून रडतो!

पण खरा पेच आता सुरू होतो. एका नावाखाली अनेक निघाल्या, मग हिस्लोपी हे नाव कुणाकडे राहणार? ऑस्ट्रेलियावाली म्हणेल, मला सार्सने वाढवलं. दक्षिण अमेरिकावालीचा वेगळा क्लेम. नियम मात्र स्पष्ट आहे. नाव राहतं ते पहिल्या वर्णनाच्या नमुन्याकडे, म्हणजेच नागपूरच्या बाईकडे. बाकीच्यांनी नवं नाव शोधायचं. मग ‘नागपूरची बाई’ म्हणजे डीएनएच्या भाषेत नेमकी कोण, हे आधी पक्कं करावं लागतं. दीडशे वर्षांपूर्वीच्या वाळक्या किंवा बाटलीतल्या नमुन्यातून धड डीएनए मिळणं महाकठीण. त्यावरचा सरळ उपाय एकच. जिथून ती पहिल्यांदा नेली, त्या परिसरात जायचं आणि तिथल्या पाण्यातली आजची बाई शोधायची.

म्हणजे जगातल्या सगळ्या सायक्लेस्थेरियांच्या बारशाची किल्ली लंडनला नाही, बर्लिनला नाही. ती आहे नागपूरच्या आसपासच्या एखाद्या साध्या तळ्यात. तिथे पाणवनस्पती शिल्लक असतील तर!

नाव म्हणजे पत्ता

इथे माझ्या पोटात खड्डा पडतो. कारण शहरात आपण पाण्याचं काय करतो ते रोज बघतेय. तळ्याचं ‘सुशोभीकरण’ म्हणजे काठ खरवडायचे, सिमेंट ओतायचं, फरशी बसवायची, वर लाइटचे खांब आणि सेल्फी पॉइंट. दिसायला चकाचक. पण पाणवनस्पती गेल्या, काठाचा चिखल गेला आणि त्या चिखलातली अंड्यांची बँकसुद्धा गेली, सगळ्या फिक्स्ड डिपॉझिटसकट. डासांसाठी मासे सोडतात, ते चांगल्या हेतूने. पण मासा डासाची अळी आणि शिंपल्यातली कोळंबी असा भेदभाव करत नाही. वाघ गेला तर पेपरात हेडलाइन होते. बिबट्या शहरात शिरला की चॅनलवर लाइव्ह. तीन मिलिमीटरची बाई गेली तर कुणाला कळणार? कळायला आधी ती होती हे तर माहीत पाहिजे!

आणि वर्गीकरण म्हणजे नुसतं लेबल चिकटवणं नव्हे, हे मला या सगळ्यातून पटलं. आधार कार्डावर नाव असतं तसा पत्ताही असतो. प्राण्याच्या नावालाही पत्ता असतो. अमुक गाव, अमुक पाणी. नाव राहिलं आणि पत्त्यावरचं घरच पाडलं, तर ते नाव पुढच्या अभ्यासकाच्या हाती कोऱ्या पाकिटासारखं येणार. आत कोण राहत होतं, विचारायचं कुणाला?

हे काम करणारी माणसंही तशी थोडीच. पॅकेज जबरदस्त नाही, ग्लॅमर तर अजिबात नाही. रात्री एक वाजेपर्यंत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून, एका पायावर केस सात आहेत की आठ हे मोजत बसायचं. आमच्या टीम लीडरला हे सांगितलं तर विचारेल, “आउटपुट काय?” आउटपुट हे, की १८५९ मध्ये लिहिलेली चार पानं आजही जगातल्या प्रत्येक शास्त्रज्ञाला उघडावी लागतात. मागच्या शुक्रवारी मी बनवलेलं प्रेझेंटेशन सोमवारी कुणी उघडलं नाही!

आणि तुम्हाला काही शास्त्रज्ञ व्हायला सांगत नाहीये. इतकंच सांगतेय की या पावसाळ्यात कुठे बाहेर गेलात, वेरूळ-म्हैसमाळला म्हणा, कास पठारावर म्हणा किंवा गावाकडच्या तळ्यावर म्हणा, तर सोबत एक पांढरा वाडगा ठेवा. पाणी घ्या, दोन मिनिटं शांत बसा आणि बघा काय हलतंय. बघून झालं की पाणी होतं तिथेच परत सोडा, दुसऱ्या तळ्यात नको. फोटो काढलात तर जागा आणि तारीख लिहून ठेवा. तारीख आणि जागा नसलेला फोटो नुसता टाइमपास, असलेला फोटो म्हणजे नोंद. आणि तुमच्या वॉर्डातल्या तळ्याचं सुशोभीकरण निघालं, तर नगरसेवकाला एकच प्रश्न विचारा. थोडा काठ मातीचा ठेवता येईल का?

काकूंनी त्यांचा प्रश्न अजून सोडलेला नाही. जिन्यात भेटल्या की विचारतात, “कळलं का गं नाव?” मी नाही म्हणते. पण बरणीच्या झाकणावर मी स्केचपेनने तळ्याचं गाव आणि चिखल उचलल्याची तारीख लिहून ठेवलीय. नाव ठेवणारा कुणी आलाच, तर त्याला पत्ता तरी मिळेल.